बंड्यानं अंडं घातलं, आता काय करू?

ताई, आमच्याकडे लाल कानाचं कासव आहे, नाव बंड्या. मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला आणलं तेव्हा तळहातावर मावायचं, आता मुलगा बारावीला आणि बंड्या वीतभरापेक्षा मोठा झालाय. गेले दहा-बारा दिवस तो धड खात नाहीये. रात्रभर काचेवर नखं घासतो, बाहेर काढला की थेट सोफ्यामागे जातो आणि मागच्या पायांनी फरशी उकरत बसतो. काल सकाळी पाण्यात एक लांबट पांढरं अंडं दिसलं, एका बाजूनं फुटलेलं. घरात दुसरं कासव नाही, कधीच नव्हतं. पेटशॉपवाला म्हणतो गॅस झालाय, हे थेंब पाण्यात टाका. सासूबाई म्हणतात शुभ आहे, अंडं देवघरात ठेव. शेजारचे काका म्हणतात एवढा व्याप कशाला, तलावात सोडून द्या. मला तर रडूच येतंय. बंड्या आजारी आहे का? आणि अंडं आलं कुठून?
— डोंबिवलीची एक वाचक

अहो, आधी डोळे पुसा. अंडं कुठून आलं ते सांगते, पण नंतर, कारण ते आज कळलं नाही तरी बंड्याचं काही बिघडत नाही. आत्ता बघायचं ते एवढंच की पोटात अजून अंडी आहेत का आणि ती घालायला तिला जागा आहे का. लाल कानाची मादी सहसा एक अंडं घालून थांबत नाही, दोनचार घालते, कधी पार वीसपंचवीससुद्धा. त्यामुळे काल दिसलं ते शेवटचं असं समजून निवांत बसू नका, ते पहिलं आहे असंच धरा.

आज संध्याकाळी तिला (हो, आता तिलाच म्हणायचं, नाव बंड्याच राहू दे, तिला काय फरक पडतोय) टँकमधून बाहेर काढा आणि पाच मिनिटं नीट बघा. डोळे टक्क उघडे आहेत का, मागचा पाय हळूच ओढला तर ती जोरात आत खेचून घेते का, जमिनीवर ठेवल्यावर पोट उचलून चालते का. हे सगळं ठीक असेल तर सध्या ती आजारी नाही, फक्त जागेसाठी अडलेली आहे. अंडी भरलेली मादी खाणं कमी करते, कधी सोडूनच देते, रात्री-अपरात्री धडपडते, काचेवर चढायला बघते, मागच्या पायांनी उकरते, हे सगळं तिच्या दृष्टीनं रीतसर आहे. तुमच्या पत्रात सोफ्यामागे फरशी उकरण्याचं वाचलं तेव्हाच मला कळलं की हा गॅसबिस काही नाही, ही बाई जागा शोधतेय.

पण पुढचं काहीही दिसलं तर रात्र जाऊ देऊ नका, डॉक्टर गाठा. मान लांब टाकून डोळे मिटून पडलीय, मागचे पाय ओढत चालतेय, कळा दिल्यासारखं शरीर ताणतेय आणि काहीच बाहेर येत नाहीये, शेपटीखालून रक्त किंवा घाण वास येणारं पाणी येतंय, किंवा तिथून गुलाबी-लाल मांसासारखं काही बाहेर लोंबतंय. शेवटचं दिसलं तर त्याला हातानं आत ढकलायला जाऊ नका, स्वच्छ ओलं कापड लावून ओलं ठेवा, टँकमध्ये परत सोडू नका आणि तसंच घेऊन निघा. (नर कासव कधीकधी काळपट-जांभळं इंद्रिय बाहेर काढतो आणि परत आत घेतो, ते बघून लोक घाबरतात, पण तुमची मादी आहे तेव्हा तुमच्याकडे तो प्रश्नच नाही, बाहेर दिसलं म्हणजे गडबडच.) आणि हो, पोहताना एका बाजूला कलतेय, नाकातून बुडबुडे येतायत, तोंड उघडून श्वास घेतेय, असं असेल तर ते फुप्फुसाचं दुखणं, त्यालाही डॉक्टरच लागतो, पेटशॉपचे थेंब नाही.

यातलं काहीच नसेल तरी एक एक्सरे काढायचाच आहे, येत्या दोन दिवसांत. कारण दोन. एक म्हणजे दहा-बारा दिवस उपाशी हा काळ थोडा लांबलाय, आणि दुसरं ते फुटलेलं अंडं. ते पाण्यात पडल्यावर फुटलं, तिनं स्वतःच चावलं की आतच फुटून बाहेर आलं, हे घरी बसून कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. बाहेर फुटलं असेल तर काही नाही, आत फुटलं असेल तर टरफलाचे तुकडे आणि बलक आत राहून इन्फेक्शन होऊ शकतं. अंडं फेकलं नसेल तर फोटो काढा, टरफल झिपलॉकच्या पिशवीत घालून बरोबर न्या, डॉक्टरांना उपयोगी पडतं. टरफल बोटानं दाबून दबलं तर लगेच कॅल्शियम कमी म्हणून घाबरू नका, यांची अंडी कोंबडीच्या अंड्यासारखी टणक नसतातच, जरा चिवट कातडीसारखी असतात.

आता जागेचं बोलते, सगळी मेख तिथंच आहे. हे कासव चोवीस तास पाण्यात राहतं म्हणून आपल्याला वाटतं अंडीही पाण्यातच घालत असेल, माशासारखं. तसं नाही. पाण्यात राहणारं असो की समुद्रात, एखादा अपवाद सोडला तर कासव म्हटलं की अंडी जमिनीतच. वेळासला, रत्नागिरी जिल्ह्यात, तुम्ही गेला असाल किंवा निदान व्हिडिओ पाहिला असेल, तिथं ऑलिव्ह रिडले मादी आख्खा समुद्र सोडून रात्री वाळूत वर चढते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, बुजवते आणि परत जाते. बंड्याच्या अंगातही तोच हिशोब आहे, फक्त तिच्या नशिबी वाळूऐवजी तीन फुटी काच आणि तरंगणारा प्लास्टिकचा ओटा आलाय. ती वाट बघते. मनासारखी माती मिळेपर्यंत अंडी धरून ठेवते, दिवसच्या दिवस, कधी आठवडे, आणि मग नाइलाज झाला की एखादं पाण्यात टाकते. जितकं जास्त धरून ठेवेल तितकं अडकायची भीती जास्त, बरेच दिवस आत राहिलेली अंडी कधी एकमेकांत अडतात, कधी टरफल जाड होतं, कधी एखादं अंडं भलतीकडे म्हणजे चक्क मूत्राशयात जाऊन बसतं. म्हणून औषधाच्या आधी माती.

अंडी घालायला मातीचा खोका तुम्ही आज रात्रीच करू शकता. मोठा प्लास्टिकचा टब घ्या, गोधड्या भिजवायचा असतो तसला, तिला आत सहज गोल फिरता आलं पाहिजे आणि कडा एवढ्या उंच की चढून बाहेर पडणार नाही. नर्सरीतून साधी लाल माती आणा, पण खत न घातलेली, ते स्पष्ट विचारून घ्या कारण तयार कुंडीच्या मातीत शेणखत, निंबोळी पेंड काय काय असतं. त्यात निम्मी रेती मिसळा. डोंबिवलीत प्रत्येक गल्लीत एक बिल्डिंग उभी राहतेय, तेव्हा रेती मिळत नाही असं म्हणू नका, पण क्रश सँड नको, ती दगड फोडून केलेली असते, टोकदार, मागच्या पायांना लागते. चौपाटीची खारट वाळूही नको. मातीचा थर तिच्या कवचाच्या लांबीपेक्षा जास्त खोल हवा, वीतभराहून मोठी आहे म्हणता तर एक फूट धरा. इथंच लोक कंजुषी करतात, चार बोटं माती पसरतात आणि म्हणतात ती उकरते पण घालत नाही. घालेल कशी, उकरलं की खाली प्लास्टिक लागतं, ती सोडून देते आणि दुसरीकडे उकरायला लागते.

ओलावा असा की मूठभर माती दाबली तर गोळा टिकला पाहिजे पण बोटांतून पाणी गळता कामा नये. कोरडी असेल तर खड्डा ढासळत राहतो आणि ती वैतागते. वरून एका कोपऱ्यावर साधा गरम पिवळा बल्ब सोडा, माती २७-२९ अंशांच्या आसपास राहील असा, एखादी बाजू सावलीत असू दे. टब शांत खोलीत ठेवा. बाल्कनीत ठेवणार असाल तर ग्रिलच्या फटी आधी बघा, कासवं हळू असतात हा निव्वळ गैरसमज आहे, वरच्या मजल्यावरून पडलेली कासवं डॉक्टरांकडे येतात, आणि कावळे-मांजरं वेगळीच.

तिला त्यात ठेवायचं आणि निघून जायचं. हे सगळ्यात अवघड काम आहे, मला माहितीये. दर पाच मिनिटांनी मोबाइल घेऊन डोकवायचं नाही, मुलालाही सांगा रील नंतर. कोणी बघतंय असं वाटलं की अर्धा झालेला खड्डा ती सोडून देते. सकाळी तीन-चार तास किंवा संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत राहू दे, मग पाण्यात परत, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या दिवशी नुसती कडेकडेनं फिरेल, माती हुंगेल, तुम्हाला वाटेल फुकट गेलं सगळं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका जागी थांबेल, मातीवर पाणी सोडेल (लघवीच ती, माती मऊ करायला) आणि मग एकदा डावा पाय एकदा उजवा पाय असं करत, एवढ्या शिस्तीत की बघत राहावं, ओंजळ-ओंजळ माती मागे काढायला लागेल. तोंड पुढे, काम मागे, स्वतःच्या खड्ड्याकडे ती एकदाही वळून बघत नाही. घालून झालं की तेच पाय माती ओढून बुजवतात आणि पोटानं दाबून सपाट करतात, इतकं बेमालूम की अंडी घातलीत हे तुम्हाला उकरल्याशिवाय कळणारही नाही. म्हणून रोज तिला पाण्यात सोडल्यावर माती हातानं चाचपून बघा.

मागच्या पायांच्या पुढची जी मऊ जागा असते तिथं बोट घालून अंडी लागतात का बघा असं नेटवर कोणीतरी सांगेल. नका करू. डॉक्टर करतात, त्यांचा हात बसलेला असतो, आपण दाबायला गेलो की आत अंडं फुटायचं.

डॉक्टरचं म्हणाल तर नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरकडे थेट जाऊन उभं राहू नका, आधी फोन करा आणि सरळ विचारा की कासव बघता का, एक्सरे आहे का. बरेच जण प्रामाणिकपणे नाही म्हणतात आणि कोणाकडे जायचं ते सांगतात, असा डॉक्टर चांगला. जो फोनवरच सांगतो आणा, एक इंजेक्शन देऊ, त्याच्याकडे मी तरी जाणार नाही. कल्याण-ठाण्यात एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे पाळीव प्राणी, बघणारे मिळतात, नाहीच जमलं तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथंही आधी फोन करून कासव बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचारून निघा. नेताना पाण्याच्या बादलीत नेऊ नका, रस्त्यात हिंदकळून घाबरते आणि दमलेली असेल तर नाकातोंडात पाणी जातं. झाकणाचा क्रेट किंवा टब, खाली ओला टॉवेल, झाकणाला भोकं, आणि गाडीत एसीचा झोत तिच्यावर येणार नाही असं. निघायच्या आधी वजन करा, डॉक्टर विचारतात, पण स्वयंपाकघरातला काटा वापरू नका, वापरलाच तर तो पुन्हा कणकेला वापरू नका.

एक्सरेत अंडी छान दिसतात, मोजता येतात, आकार समजतो, एखादं फारच मोठं किंवा वेडंवाकडं आहे का, फुटलंय का तेही. नॉर्मल दिसली आणि ती तरतरीत असेल तर डॉक्टर म्हणतील माती द्या आणि थांबा, तर तेव्हा नाराज होऊ नका, तो योग्य सल्ला आहे. थांबून होत नसेल तर कोमट पाण्यात बसवणं, पाणी कमी पडलं असेल तर सलाईन, कॅल्शियम आणि मग ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, ज्यानं कळा येतात आणि कासवांमध्ये ते बऱ्यापैकी काम करतं. आता हे वाचून कोणी तरी म्हणणार की ते तर तबेल्यात मिळतं, म्हशीला पान्हा सोडायला चोरून मारतात तेच. हो तेच, आणि म्हणूनच सांगते, हात लावू नका. अंडं आडवं अडकलेलं असेल, मोठं असेल किंवा फुटलेलं असेल आणि वरून कळा आणल्या तर आतली नळीच फाटते. एक्सरे आधी, इंजेक्शन मग, हा क्रम कुणी उलटा करत असेल तर बंड्याला उचला आणि घरी या. एरंडेल, माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून, हेही नको.

इंजेक्शननंही जमलं नाही तर ऑपरेशन. पूर्वी पोटाखालचं कवच कापूनच आत जायला लागायचं, अजूनही कधीकधी लागतं आणि ते भरून यायला खूप महिने जातात, पण आता जिथं जमतं तिथं मागच्या पायापुढच्या मऊ जागेतून जातात. तुमच्या केसमध्ये तिथवर जाईल असं मला वाटत नाही, पण माहीत असलेलं बरं. आणि एक्सरेत एकही अंडं दिसलं नाही तरी ती खात नसेल, तर सोनोग्राफी करायला सांगा, कारण कधीकधी अंडं व्हायच्या आधीचे बलकाचे गोळेच अंडाशयात अडून राहतात, त्यांना टरफल नसतं म्हणून ते एक्सरेत नीट दिसत नाहीत. अंडी घालून झाल्यावरसुद्धा एक एक्सरे परत काढा, आत काही उरलं नाही ना ते बघायला. हा दुसरा एक्सरे सगळे टाळतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. नर नाही तर अंडं कुठून? घरात एकटी गावठी कोंबडी पाळली तरी ती अंडी घालतेच की, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. तसंच हे. मादी वयात आली, खाणंपिणं बरं असलं, ऊब मिळाली की अंडी तयार होतात, नराची परवानगी लागत नाही. कोणाकडे पूर्वी नर असेल तर गोष्ट वेगळी, कारण माद्या नराचं बीज वर्षानुवर्षं साठवून ठेवू शकतात, पण तुमची तर तळहातावर मावायची तेव्हापासून एकटी. आणि इतकी वर्षं नर कसा काय समजलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका, लहानपणी ओळखता येतच नाही. पुढच्या पायाची नखं बघा आता, नराची लांबलचक असतात, मादीपुढे पाण्यात थरथरवायला, मादीची आखूड. नराची शेपटी जाड आणि लांब. आणि आकार, वीतभराच्या वर गेलेलं लाल कानाचं कासव बहुतेक वेळा मादीच असतं, नर लहानच राहतात.

अंड्याचं काय करायचं, तर देवघरात नको. सासूबाईंना दुखवून नाही, त्यांना सांगा की शंकराच्या देवळात गाभाऱ्यासमोर कासव दगडाचं असतं ते त्यासाठीच, त्याला नमस्कार करून या हवं तर, पण हे अंडं दोन दिवसांत सडेल आणि देवघराचा वास घरभर होईल. शिवाय साल्मोनेला. कासवाच्या अंगावर, पाण्यात, अंड्याच्या टरफलावर हा जंतू असू शकतो, कासवाला काही होत नाही आणि माणसाला जुलाब-ताप येतो, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांना जास्त. अमेरिकेत तर १९७५ पासून चार इंचापेक्षा लहान कासव विकायलाच बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालायची. म्हणून टँकचं पाणी किचनच्या सिंकमध्ये ओतायचं नाही, बाथरूममध्ये, आणि हात साबणानं, सॅनिटायझर चोपडून नाही. अंडी कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका किंवा मोठ्या कुंडीत खोल पुरा. पाण्यात पडलेलं अंडं लगेच काढा, पाणी नासतं. बंड्यानं एखादं खाल्लं तरी तिला काही होत नाही, किळस फक्त आपल्याला येते. ज्यांच्याकडे नर-मादी दोन्ही आहेत आणि पिल्लं नको आहेत त्यांनी अंडी आधी फ्रीझरमध्ये ठेवून मग टाकावीत, आणि कृपा करून पिल्लं काढायच्या भानगडीत पडू नये, आहेत त्यांनाच धड घर नाही मिळत.

यावरून शेजारच्या काकांकडे येते. तलावात सोडून द्या हा सल्ला लोक इतक्या सहज देतात की मला राग येतो. लाल कानाचं कासव मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, आणि जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या तलावात सोडलं की ते आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाला बसायची जागा बळकावतं, आणि टँकमधले आजार घेऊन जातं ते वेगळंच. बंड्यासारखी अंडीवाली मादी सोडली आणि तिथं आधीच कोणीतरी नर सोडलेला असला की झालं. त्यात पुण्य नाही. अगदीच जमत नसेल तर पुनर्वसन करणाऱ्या संस्थेला द्या, किंवा कोणी जबाबदार माणूस बघा. पण तुमच्या पत्रावरून तुम्ही देणाऱ्यातल्या वाटत नाही.

जाता जाता, डोळ्यामागे लाल पट्टा आहे ना, तेवढं बघून घ्या. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव किंवा विहिरी-तळ्यातलं मऊ कडांचं आपलं देशी कासव घरी असेल तर ते वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, १ एप्रिल २०२३ पासून स्टार कासवही पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. अशांनी घाबरून रात्री नदीत सोडू नये, वनविभागाला १९२६ वर फोन करावा.

आता ही वेळ निभावली तरी अंडी परत येणार, एका मोसमात काही आठवड्यांच्या अंतरानं दोनतीनदासुद्धा येतात, म्हणून तो टब माळ्यावर टाकू नका. आणि खाणं सुधारा. पेटशॉपमधली ती वाळवलेली लाल झिंगे आणि पिवळ्या डब्यातल्या काड्या, बारा वर्षं त्यावरच असेल तर मला नवल वाटणार नाही, सगळ्यांचं तसंच असतं. अंड्याचं टरफल बनवायला कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं आणि अंडं बाहेर ढकलायला स्नायूंनाही तेच लागतं, म्हणजे कमी पडलं की दोन्हीकडून मार. चांगल्या पेलेट्स, गाजर-भोपळ्याचा कीस, शेवग्याचा पाला, कधीमधी छोटा मासा काट्यासकट अख्खा. बाजारातली सुकट नको, मीठ असतं. पालक रोज नको, त्यानं कॅल्शियम अडतं. टँकमध्ये समुद्रफेस टाकून ठेवा, पक्ष्यांच्या दुकानात नाहीतर आयुर्वेदिक जडीबुटीवाल्याकडे मिळतो, वरचा कडक पापुद्रा काढून टाका, तिला वाटेल तेव्हा कुरतडेल.

पण ऊन नसेल तर हे सगळं खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, हवे ते किरण काचेतच अडतात. एकतर यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले तेच किरण देणारी, लावा, सहा महिने ते वर्षात बदला, उजेड देत असली तरी किरण संपलेले असतात, आणि टर्टल बल्ब म्हणून विकतात तो नुसता गरम करणारा बल्ब नाही ना ते खोक्यावर वाचा. नाहीतर रोज कोवळ्या उन्हात टबमध्ये अर्धा तास बसवा, अर्ध्या टबवर सावली ठेवून आणि तुम्ही समोर बसून. काचेचा टँक उचलून उन्हात ठेवायचा नाही कधीच, आतलं पाणी तापून कासव मरतं, आणि एप्रिलमध्ये त्याला फार वेळ लागत नाही.

दुबई-शारजाहून सुल्काटा आणि इंग्लंडातून हर्मन या जमिनीवरच्या जातींची कासवं पाळणारे वाचक अधूनमधून लिहितात, त्यांच्यासाठी एवढंच की जमिनीवरच्या कासवांचंही गणित हेच, खोल माती, ऊब, एकांत, फक्त ती अंडी आणखी जास्त काळ धरून ठेवू शकतात म्हणून वाट जरा जास्त बघावी लागते. आणि सुल्काटाच्या एक्सरेत गोल पांढरं दिसलं की ते अंडंच असेल असं नाही, मुतखडाही असतो, तो या जातीत बराच होतो, तेव्हा अनुभवी डॉक्टरकडून बघून घ्या.

तर तुम्ही आज माती आणा आणि उद्या सकाळी एक्सरेची वेळ घ्या. ते थेंब अजून पाण्यात टाकले नसतील तर टाकू नका, टाकले असतील तर आख्खं पाणी बदला आणि बाटली डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. किती अंडी दिसली ते कळवा, फोटो पाठवलात तर उत्तमच.